जुनी पॉन्टून बोट घेतली आहे, पाण्यात उतरवण्याआधी काय काय बघू?

मिनेटोंकावासी

नमस्कार मंडळी. मुक्काम मिनिआपोलिसजवळ. लेक मिनेटोंकावर चालवायला २०११ ची २२ फुटी पॉन्टून (ॲल्युमिनियमच्या बंद ट्यूबवर सपाट डेक असलेली बोट) घेतली आहे. दोन ट्यूब, व्यास २५ इंच. मोटर मर्क्युरी ६० एचपी, फोर-स्ट्रोक, ईएफआय (इलेक्ट्रॉनिक इंधन इंजेक्शन). मीटरवर ३४० तास. ट्रेलर सोबत मिळाला. सर्व्हिसची एकही पावती नाही, "दर वर्षी करत होतो" एवढंच तोंडी.

बोट सध्या ड्राइव्हवेमध्ये ट्रेलरवर आहे. मोटर इअरमफ (पाणी ओढायच्या भोकांवर होजचं पाणी देणारे कप) लावून सुरू करून बघितली, पहिल्या फटक्यात सुरू झाली. मागच्या सीटची शिवण उसवली आहे. मागच्या दाराजवळचं कार्पेट सतत ओलसर असतं आणि तिथे डेक पायाखाली किंचित दबतो.

गाडीचं तेल, ब्रेक पॅड वगैरे घरी करतो, त्यामुळे हत्यारं आहेत. बोट मात्र पहिलीच. घरचे म्हणतात आधी सीट करून घ्या. कामांचा क्रम काय ठेवावा? स्वतः काय करण्यासारखं आहे आणि दुकानात काय न्यावं?

नटबोल्ट

सीटचे पैसे अजून खिशातच राहू द्या. पॉन्टूनमध्ये मोठा खर्च निघतो तो ट्यूब आणि मोटर या दोनच ठिकाणी. बाकी सगळं बोल्टने बसवलेलं असतं, एकेक करून सावकाश बदलता येतं.

ट्यूब बाहेरून सलग दिसते, पण आत आडव्या भिंती घालून तिचे तीन-चार बंद कप्पे केलेले असतात. एक फुटला तरी बोट बुडू नये म्हणून. गोम अशी की एक कप्पा अर्धा भरलेला असला तरी बोट तरंगते, चालते आणि विकलीही जाते. म्हणून आधी पाणी शोधा.

चाकांना पुढून-मागून अडण लावा आणि जॅकने ट्रेलरचं नाक जमेल तेवढं वर घ्या. दहा मिनिटं थांबलात की प्रत्येक कप्प्यातलं पाणी त्याच्या मागच्या भिंतीशी जमतं. मग रबरी हातोडीने प्रत्येक कप्प्याच्या मागच्या टोकाला खालून वर हलकं ठोकत जा. पाणी असेल तिथे बद्द आवाज येतो, त्यावर एकदम घुमायला लागतो. तो बदल इंचभर अंतरात कळतो, तिथे मार्करने खूण करा. कप्पे कुठे बदलतात हे ट्यूबभोवतीच्या वेल्डच्या कड्यांवरून लक्षात येतं. पेलाभर पाणी निघालं तर ते आतल्या हवेचं दव, त्याची काळजी नको. बादलीभर निघालं तर गळती आहे.

गळती कुठे असते? पुढच्या शंकूच्या जोडाला, खालच्या कीलला (ट्यूबच्या तळाशी लांबीभर जाणारी पट्टी; वाळूवर बोट चढवायची सवय असेल तर ती घासून पातळ होते), आणि डेकचे आडवे बीम ज्या ब्रॅकेटवर बसतात त्यांच्या वेल्डच्या टोकांना. चौथी जागा म्हणजे मिनेसोटाचा हिवाळा. आत राहिलेलं पाणी गोठून फुगतं आणि शिवण उलते.

हवेची चाचणी घरी होते, पण दाब २ ते ३ पीएसआयच, त्यावर अजिबात नाही. २५ इंची ट्यूबच्या आतल्या भिंतीचं क्षेत्रफळ सुमारे ४९० चौरस इंच. ३ पीएसआयलाच तिच्यावर जवळपास १,४७० पौंड जोर पडतो. गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरची नळी सरळ लावली तर टोकाची टोपी उडून माणसाला लागू शकते. सायकलचा पंप आणि ० ते १५ पीएसआयचा गेज वापरा. दाब भरून साबणाचं पाणी शिंपडा आणि बुडबुडे कुठे येतात बघा. ही चाचणी उन्हात करू नका. ट्यूब तापली की आतला दाब आपोआप वाढतो आणि गेजवर विश्वास ठेवता येत नाही.

आता तो दबणारा डेक. बोटीखाली जाऊन प्लायवूडला खालून स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. टोक सहज आत जात असेल तर तो तुकडा गेला. पाणी बहुतेक वेळा मागच्या दाराच्या कडेने आणि सीटच्या स्क्रूच्या भोकांतून शिरतं. फक्त मागचाच ४ फुटी तुकडा बदलायचा असेल तर दोन दिवसांचं काम आहे: तिथली सीट आणि कठडा काढायचा, बोल्ट ग्राइंडरने कापायचे, ३/४ इंची मरीन प्लायवूड बसवायचा. बोल्ट स्टेनलेसचेच घ्या आणि ते ॲल्युमिनियममधून जातात तिथे गंजरोधक पेस्ट लावा.

मोटरबद्दल जाणकार बोलतीलच.

लोअर_युनिट

बोलतो. पहिल्या फटक्यात सुरू होणं ही चांगलीच गोष्ट, पण त्यावरून इंजेक्टर आणि बॅटरी ठीक आहेत एवढंच कळतं.

सगळ्यात आधी गिअर ऑइल, म्हणजे मोटरच्या खालच्या टोकाला असलेल्या गिअरकेसमधलं तेल. मोटर सरळ उभी ठेवा, खाली ट्रे धरा. खालचा स्क्रू आधी काढा, मग वरचा. तेल काळपट पण पारदर्शक असेल तर ठीक. दुधी असेल किंवा तेलाच्या आधी पाणी टपकलं तर सील गेलंय. खालच्या स्क्रूला चुंबक असतं. त्यावर राखाडी मलम साठलेलं चालतं, नखाने उचलता येईल असा कण निघाला तर गिअरचा दात किंवा बेअरिंग गेलं, मग थेट दुकान. भरताना खालच्या भोकातून पंपाने भरा, वरच्या भोकातून बुडबुडे नसलेली धार आली की आधी वरचा स्क्रू लावा, मग पंप काढून झटकन खालचा. वरून ओतलं तर हवा आत अडकते आणि तेल कमी बसतं. दोन्ही स्क्रूंना नवे वॉशर. तुमचा मोठा गिअरकेस असेल तर सुमारे ७१० मिली तेल लागतं, लहान असेल तर त्याच्या निम्म्याहून कमी.

त्याच वेळी प्रॉप (पाण्यातला पंखा) काढा. शाफ्टवर मासेमारीची दोरी गुंडाळलेली सापडणं नेहमीचं आहे. ती आत सरकत जाऊन सील कापते, गिअरमध्ये पाणी शिरतं ते बऱ्याचदा यामुळेच. परत बसवताना शाफ्टला मरीन ग्रीस.

पावत्या नाहीत म्हणजे इंपेलर (मोटर थंड ठेवायला पाणी ओढणारं रबरी पात्यांचं चाक) बदलायचाच. मागची धार जोरात येते म्हणून सोडू नका. रबराच्या पात्या वाकलेल्या अवस्थेत कडक होतात आणि एक दिवस तळ्याच्या मध्यावर तुटतात. फक्त इंपेलर न घेता पूर्ण किट घ्या: प्लेट, गॅस्केट, किल्ली (इंपेलर शाफ्टला अडकवणारा लहान तुकडा) आणि कप (इंपेलरचं कवच). लोअर युनिटच्या (मोटरचा गिअर-प्रॉपचा खालचा भाग) बोल्टपैकी एक काही वेळा ट्रिम टॅबच्या (प्रॉपच्या वरची लहान पट्टी) खाली लपलेला असतो. तो राहिला आणि बाकीचे काढून हातोडी मारत बसलात तर केसिंगला तडा. कप खाली बसवताना शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवा म्हणजे पात्या बरोबर बाजूला वळतात. शाफ्टच्या स्प्लाइनला (खाचांना) ग्रीस लावा, पण शाफ्टच्या वरच्या टोकावर लावू नका, तिथे ग्रीस दाबलं जाऊन युनिट पूर्ण बसत नाही. जुन्या इंपेलरच्या पात्या मोजायला विसरू नका.

इंजिन ऑइल: तुमच्या मोटरला सुमारे ३ लिटर आणि एक फिल्टर. एफसी-डब्ल्यू छापलेलं मरीन तेलच घ्या, गाडीचं नको.

पेट्रोल: टाकीतलं जुनं सगळं काढा. १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल ओलावा ओढून घेतं आणि मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं, मोटर तेच आधी ओढते. १० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर नवा बसवा. हातपंपाच्या फुग्यावरचा बाण मोटरच्या दिशेने हवा. चालताना फुगा चपटा होत असेल तर टाकीकडून पेट्रोल येत नाही. टाकीचं झाकण सैल करून बघा. मोटर लगेच सुधारली तर व्हेंट बंद आहे, त्यात कोळी घर करतात. सुधारली नाही तर टाकीच्या तोंडाचा अँटी-सायफन व्हॉल्व्ह बघा.

शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब. मोटर गरम, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, सेफ्टीची दोरी (निघाली की मोटर बंद होते ती) ओढलेली. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं. १० टक्क्यांच्या आत असेल तर निवांत झोपा.

मॅग्नेशियम

एक भर. मोटरऐवजी स्वतः झिजावा म्हणून लावलेला धातूचा ठोकळा, म्हणजे अ‍ॅनोड बघा. गोड्या पाण्यात झिंकचा अ‍ॅनोड काम करत नाही, त्याच्यावर थर बसून तो झोपतो आणि मग मोटरचं ॲल्युमिनियम झिजायला लागतं. मिनेसोटाच्या तळ्यांत मॅग्नेशियम लावा. बोट समुद्राकाठच्या राज्यातून आली असेल तर झिंक असण्याची शक्यता जास्त. अ‍ॅनोडवर रंग मारलेला असेल तर तो असून नसल्यासारखा.

आणि ट्यूब चमकवायच्या म्हणून दुकानातला ॲसिड क्लीनर आणू नका. त्यातल्या काहींत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. त्वचेवर पडलं तर सुरुवातीला दुखतही नाही आणि आत हाडापर्यंत जातं. चुन्याच्या पांढऱ्या डागांना साधा व्हिनेगर पुरतो.

मिनेटोंकावासी

सगळ्यांचे आभार. शनिवार-रविवार लागून पडलो. निकाल असे:

गिअर ऑइल काळं, पण दुधी नाही. चुंबकावर मलम आहे, कण नाहीत. कॉम्प्रेशनमध्ये फरक ५ टक्क्यांच्या आत. इंपेलरच्या सहा पात्यांपैकी एक अर्धी तुटलेली.

ट्यूब: उजवीकडचा मागचा कप्पा बद्द. ट्रेलर समतल केल्यावर तळापासून साधारण ५ इंचांपर्यंत बद्द आवाज येतो, कप्प्याची लांबी ७ फूट. तळाला प्लग नाही. मागच्या टोपीवर वरच्या बाजूला एक लहान आट्यांचा प्लग आहे. डेकचा मागचा तुकडा खालून स्क्रूड्रायव्हर टोचला की आत जातो. दुकानात ट्रीटेड प्लाय (कुजू नये म्हणून रसायन भरलेला) निम्म्या किमतीत मिळतोय, तो चालेल का?

लोअर_युनिट

पातीचा तुटलेला तुकडा सापडेपर्यंत मोटर चालवू नका. तो पाण्याच्या वाटेने वर गेलेला असतो. पंपाच्या वरची तांब्याची नळी बघा, मग थर्मोस्टॅट काढून त्याच्या मागे बघा. थर्मोस्टॅटच्या जागेतून होजने उलटं पाणी सोडलं की बहुतेक खाली पडतो. तो तसाच राहिला तर कमी वेगात सगळं ठीक वाटतं आणि पूर्ण थ्रॉटलला तापमानाचा अलार्म वाजतो. थर्मोस्टॅट उघडलाच आहे तर तोही नवा टाका.

नटबोल्ट

५ इंच पाणी, २५ इंची ट्यूब, ७ फुटांचा कप्पा: हिशेब २५ गॅलनच्या आसपास, म्हणजे २१० पौंड. एक दणकट माणूस कायम उजव्या मागच्या कोपऱ्यात बसवून बोट चालवल्यासारखं. पेट्रोलची टाकी आणि चालकाची जागाही त्याच बाजूला असेल तर आधीच्या मालकाला कल जाणवला नसेल असं वाटत नाही. असो.

वरचा प्लग म्हणजे कारखान्यात हवा भरून तपासण्यासाठी ठेवलेलं भोक. तुमचं काम सोपं झालं, ड्रिल लागणार नाही. प्लग काढा, ट्रेलरचं नाक वर घ्या, भोकातून जाईल अशी पातळ नळी तळापर्यंत सोडा आणि हातपंपाने उपसा. तळाशी उरलेलं पाणी ट्यूब उन्हात तापवून हवा मारली की सुकतं.

मग त्याच भोकाला ॲडाप्टर लावून २ पीएसआय हवा भरा आणि आधी त्या प्लगच्या आट्यांवरच साबण लावा. अनेकदा गुन्हेगार तोच असतो: वॉशर कडक झालेला, मोटरच्या बाजूचं पाणी सतत त्याच्यावर उडतं. तसं असेल तर नवा प्लग आणि आट्यांना सीलंट, काम संपलं. शिवणीतून बुडबुडे आले तर मात्र ॲल्युमिनियमचं टिग वेल्डिंग करणाऱ्याकडेच न्या. त्याला दोन गोष्टी आवर्जून सांगा: वेल्ड करताना प्लग उघडा ठेवायचा, नाहीतर आतली गरम हवा वितळलेलं धातू बाहेर फेकते, आणि त्या जागी आधी कोणी एपॉक्सी लावलं असेल तर ते खरवडून पूर्ण काढायचं, त्याच्यावर वेल्ड धरत नाही. एपॉक्सी हा उन्हाळा काढण्यापुरता उपाय आहे.

ट्रीटेड प्लाय नको. हल्लीच्या ट्रीटेड लाकडात तांब्याचे क्षार भरपूर असतात आणि ओलं तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

मॅग्नेशियम

इथे थोडा मतभेद. अनेक कारखाने स्वतःच ट्रीटेड प्लाय घालतात आणि पंधरा वर्षं टिकतो. सरसकट नको म्हणणं बरोबर नाही.

नटबोल्ट

कारखाने पॉन्टूनसाठी बनवलेला, भट्टीत परत वाळवलेला, सात थरांचा प्लाय घालतात. घराच्या दुकानात मिळतो तो अंगणातल्या डेकचा, ओला आणि गाठी असलेला. वाळला की वाकतो आणि कार्पेटखाली उंचवटे येतात. पॉन्टूनच्या दुकानातून ८ फूट ६ इंचांची शीट मागवली तर आडवा जोडही टळतो. किमतीतला फरक एका शीटपुरताच आहे, तिथे काटकसर करू नका.

सुकाणू

दुरुस्तीचं झालं, आता चालवण्याचं आणि कायद्याचं.

पॉन्टूनचा खरा शत्रू वारा. ट्यूब पाण्यात थोड्या आणि कठडा, सीट, बिमिनी (कापडी छत) सगळं वर, त्यामुळे वारा तिला बाजूला ढकलत नेतो. धक्क्याला लागताना बिमिनी मिटा आणि शक्य असेल तर वाऱ्याच्या विरुद्ध या. न्यूट्रलमध्ये बोट वळत नाही. वळवायची असेल तर आधी चाक फिरवा, मग क्षणभर गिअर टाका, परत न्यूट्रल. दोरी क्लीटलाच (दोरी बांधायचा खुंटा) बांधा. कठड्याच्या नळीला बांधली तर एका लाटेत नळी वाकते. कठडा हाताने धरून बोट थांबवणंही टाळा.

मोठ्या बोटीची लाट समोर आली की घाबरून थ्रॉटल एकदम सोडायचा नाही. नाक खाली पडतं, ट्यूबची टोकं लाटेत घुसतात आणि पाणी डेकवर येतं. वेग आधीच कमी ठेवा, पुढची माणसं मागे बोलवा, ट्रिम (मोटरचा कोन) थोडा वर घ्या आणि लाट तिरकी घ्या. बोट चालू असताना पुढच्या दाराबाहेर पाय सोडून कुणालाही बसू देऊ नका, मुलांना तर नाहीच. तिथून पडलेला माणूस दोन ट्यूबच्या मधून सरळ प्रॉपकडे जातो. मिनेसोटात हे बेकायदाही आहे.

पूर्ण थ्रॉटलला तुमच्या मोटरने ५,५०० ते ६,००० आरपीएम दाखवायला हवेत, नेहमीच्या भारासह. कमी दाखवत असेल तर कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी पुढे जाणारा) प्रॉप लावा; एक इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. आरपीएम वाढतोय पण बोट हलत नाही, असं झालं तर प्रॉपमधला रबरी हब सुटलाय.

सामान: प्रत्येकाला अंगाला बसणारं लाइफ जॅकेट आणि एक फेकायचं. मिनेसोटात १० वर्षांखालच्या मुलांनी बोट चालू असताना ते घातलेलंच हवं. अग्निशामक ५-बी छापलेला घ्या आणि तळाशी उत्पादनाचं वर्ष बघा. एकदाच वापरायचा असेल तर १२ वर्षांनंतर बाद. सेफ्टीची दोरी मनगटाला लावूनच चालवा, फेडरल नियम एप्रिल २०२१ पासून आहे. घरातल्या तरुण मंडळींना सुकाणू द्यायचं असेल तर मिनेसोटाचा नवा परवाना बघा: १ जुलै २०२५ पासून ३० जून २००४ नंतर जन्मलेल्यांना लागू झाला आणि टप्प्याटप्प्याने २०२८ मध्ये ३० जून १९८७ नंतरच्या सगळ्यांना लागू होईल.

कागदपत्रांवरचा १२ अक्षरांचा हल क्रमांक (बोटीचा ओळख क्रमांक) बोटीवरच्या क्रमांकाशी जुळवून घ्या. पॉन्टूनला तो मागच्या आडव्या बीमवर, उजव्या ट्यूबजवळ असतो. शेवटचे दोन आकडे मॉडेल वर्ष. इथे ११ नसेल तर विकणाऱ्याला फोन करा.

मिनेटोंकात २०१० पासून झेब्रा शिंपले (बोटींना चिकटून तळ्यातळ्यांत पसरणारे उपद्रवी शिंपले) आहेत. रॅम्पवरून (बोट पाण्यात उतरवायचा उतार) वर काढल्यावर गवत-शिंपले काढा, पाणी सोडा, आणि रस्त्यावर बोट नेताना ड्रेन प्लग काढलेले असणं हा कायदा आहे. तुमच्या ट्यूबचा तो वरचा प्लग यात येत नाही, तो लावलेलाच ठेवा. धक्का किंवा लिफ्ट दुसऱ्या तळ्यातून जुनी घेणार असाल तर ती २१ दिवस कोरडी ठेवावी लागते.

मिनेटोंकावासी

तुकडा थर्मोस्टॅटच्या मागेच मिळाला. गळती प्लगच्याच आट्यांत होती, शिवणीवर एकही बुडबुडा नाही. मागची शीट मागवली आहे. रॅम्प घरापासून १८ मैल, ट्रेलरचं काय बघू?

सुकाणू

टायरच्या बाजूला डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांहून जुने असतील तर खाच कितीही चांगली दिसो, बदला. टायर एसटी (ट्रेलरसाठीचे) छापलेलेच. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा, खडखड आली तर बेअरिंग. पाच मैलांवर थांबून हबला हात लावा. कोमट ठीक, हात ठेवता येत नसेल तर परत फिरा. बोट, मोटर आणि ट्रेलर मिळून तुम्ही ३,००० पौंडांच्या वर जाल, म्हणजे मिनेसोटात ट्रेलरला ब्रेक हवेत, ते चालतात का बघा.

ट्रेलरच्या नाकावर एकूण वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास भार हवा. मागे मोटर लटकते म्हणून पॉन्टूनमध्ये तो कमी पडतो आणि ताशी ५० मैलांच्या वर ट्रेलर शेपटी हलवतो. तसं झालं तर विंचचा (बोट ओढून धरणारी चरखी) खांब पुढे सरकवून बोट पुढे घ्या. निघण्याआधी बिमिनी मिटून पट्टे लावा, सगळे दरवाजे अडकवा आणि सुट्या गाद्या गाडीत टाका, हायवेवर त्या उडतात. मागे दोन पट्टे ट्रेलरला, विंचच्या भरवशावर राहू नका. चाकाचे नट पहिल्या ५० मैलांनंतर परत टॉर्क करा.